कृष्णाकाठच्या घरातून समुद्री टाकी हलवायची आहे आणि त्याच सुमारास नवा जेम टँग मासा येणार आहे. क्रम कोणता ठेवावा?

गावभागकर, सांगली (प्रश्न)

नमस्कार. सांगलीच्या गावभागात आमच्या घराच्या तळमजल्यावर माझी चार फुटी, साधारण ३६० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तीत क्लाऊन माशांची जोडी, एक फॉक्सफेस मासा, तीन बांगाई कार्डिनल मासे, दोन क्लीनर झिंगे आणि काही गोगलगायी आहेत. प्रवाळ ठेवलेले नाहीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा ही टाकी नव्हती, पण त्या पुराची आमच्या भिंतीवर राहिलेली खूण टाकीच्या वरच्या काठापेक्षा बरीच उंच आहे. त्या पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते, हे येथील वाचकांना सांगायला नको. दर पावसाळ्यात पातळीचे आकडे पाहत बसण्यापेक्षा टाकी कायमची विश्रामबागेत बहिणीच्या पहिल्या मजल्यावरील फ्लॅटमध्ये न्यावी, असे घरात ठरले आहे. आमच्या वाड्याच्या माडीवर ती चढवावी असाही एक पर्याय सुचवला गेला आहे.

दरम्यान पुण्यातील एक परिचित छंदिष्ट परदेशी जाणार असल्याने आपला जेम टँग मला देत आहेत. हा मासा आपल्याकडे क्वचितच दिसतो आणि मिळाला तरी त्याची किंमत माझ्या आवाक्याबाहेरची असते, त्यामुळे संधी सोडवत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यापूर्वी तो न्यावा लागेल. तो त्यांच्या टाकीत दीर्घकाळ निरोगी राहिला असल्याने विलगीकरणाची गरज नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. ते मानावे का? आधी टाकी हलवावी की आधी मासा आणावा? आणि मेच्या उन्हात पुण्याहून सांगलीपर्यंत त्याला आणावे कसे? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

मत्स्यविद्या, मिरज

आपण ही दोन कामे स्वतंत्र मांडली आहेत, परंतु माझ्या मते ती एकाच वेळापत्रकात बसवली तरच दोन्ही नीट पार पडतील. टाकी हलवायची म्हणजे मासे बाहेर काढावेच लागणार. मग ते काढलेच आहेत तर लगेच परत न सोडता मुख्य टाकी माशांविना ठेवावी आणि तेवढ्या अवधीत जुने मासे एका विलगीकरण टाकीत व नवा मासा दुसऱ्या टाकीत तयार करावा. एरवी चालू टाकीतून सगळे मासे काढण्याचे धाडस कोणी करत नाही, ती संधी आपल्याला या स्थलांतराने आयती मिळाली आहे.

आता आपल्या परिचितांच्या म्हणण्याविषयी. टँग कुळातील मासे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स या परजीवीला, म्हणजे आपण ज्याला मरीन इक म्हणतो त्याला, फार लवकर बळी पडतात. एकदा लागण होऊन वाचलेल्या माशात काही महिने अंशतः प्रतिकारशक्ती टिकते. असा मासा दिसायला ठणठणीत असतो, पण कल्ल्यांमध्ये थोडे परजीवी बाळगून असू शकतो. पुण्याहून सांगलीचा प्रवास, नवे पाणी, नवी जागा या ताणाने ती शक्ती खचते आणि मग आठवडाभरात ठिपके उमटतात. जेम टँगच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे: त्याच्या काळ्या अंगावर मुळातच पांढरे ठिपके असतात, त्यामुळे इकचे ठिपके त्यांत मिसळून जातात. म्हणून त्याचे अंग पाहत बसू नये. पिवळी शेपटी आणि छातीजवळचे पर पाहावेत, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो श्वास किती वेगाने घेतो व खाणे टाळतो का, यावर लक्ष ठेवावे.

या परजीवीचे चक्र समजले की बाकीचे निर्णय आपोआप सुचतात. माशाच्या अंगावर तो साधारण ३ ते ७ दिवस राहतो, मग गळून तळाशी, दगडावर किंवा काचेवर चिकटतो आणि कोश करतो. कोशातून पोहणारी पिल्ले बहुधा ३ ते २८ दिवसांत बाहेर पडतात, मात्र काही कोश ७२ दिवसांपर्यंत फुटत राहिल्याच्या नोंदी आहेत. बाहेर पडलेल्या पिल्लाला दोनेक दिवसांत मासा मिळाला नाही तर ते मरते. मुख्य टाकी ७६ दिवस माशांविना ठेवण्याचा प्रघात यातूनच आला आहे. झिंगे आणि गोगलगायी यांना हा रोग होत नाही, त्यामुळे ते मुख्य टाकीतच राहू द्यावेत. त्यांच्यासाठी अधूनमधून थोडे खाद्य टाकत राहिल्यास दगडांवरील अमोनिया पचवणारे जिवाणूही जगतील.

येथे आपल्या हवामानाचा एक मुद्दा बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. हे चक्र पाणी थंड झाले की लांबते. जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीत टाकीचे पाणी सहज २४ अंशांवर किंवा त्याखाली येते. ‘आत मासेच नाहीत, मग हीटर कशाला’ असे म्हणून तो बंद केला तर आपले ७६ दिवस पुरेसे ठरतील याची खात्री राहत नाही. रिकाम्या टाकीचे तापमानही २७ अंशांच्या आसपास ठेवावे.

विलगीकरण टाकीत वाळू आणि दगड अजिबात नसावेत, कारण चुनखडीयुक्त पदार्थ औषध म्हणून दिलेले तांबे शोषून घेतात आणि औषधाची मात्रा खाली येते. लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे पुरतात. मासा येण्यापूर्वी काही आठवडे स्पंज फिल्टर सम्पमध्ये (मुख्य टाकीखालच्या गाळणीच्या टाकीत) ठेवून त्यावर जिवाणू बसू द्यावेत. ही तयारी आजच सुरू करावी, कारण विलगीकरणात मासे रोगापेक्षा अमोनियानेच अधिक दगावतात असे माझे निरीक्षण आहे. औषध म्हणून चिलेटेड (सेंद्रिय रेणूंनी बांधलेले) तांबे वापरणार असाल तर मात्रा २.० ते २.५ पीपीएम (दशलक्षात भाग) या पट्ट्यात ३० दिवस राखावी, ती एकदम न गाठता चार-पाच दिवसांत वाढवावी आणि रोज डिजिटल कॉपर चेकरने मोजावी. आयनिक प्रकारच्या तांब्याची मात्रा यापेक्षा फार कमी, ०.५ पीपीएमच्या आसपास असते. एका प्रकारची मात्रा दुसऱ्याला लावली की मासा गेलाच. तांबे चालू असताना क्लोरीन किंवा अमोनिया बांधणारी द्रावणे टाकू नयेत, कारण त्यांतील काही घटक तांब्याचे अधिक विषारी रूपात क्षपण करतात. कल्ल्यांतील व त्वचेवरील चपट्या कृमींवर तांब्याचा भरवसा नाही. त्यांच्यासाठी प्राझिक्वांटेल प्रतिलिटर २.५ मिलिग्रॅम, आठवडाभराच्या अंतराने दोनदा द्यावे, म्हणजे पहिल्या वेळी अंड्यांत राहिलेले कृमी दुसऱ्या वेळी सापडतात.

कराडचा खारवा

मिरजेच्या ताईंचे बहुतेक म्हणणे मान्य आहे, तरी दोन ठिकाणी माझे मत वेगळे आहे.

पहिले म्हणजे जुन्या माशांना सरसकट तांबे देण्याची गरज मला पटत नाही. बाहेरून काहीही न आणलेल्या बंद टाकीत परजीवीचा एकच वंश अनंतकाळ टिकत नाही. प्रयोगशाळेत तो सुमारे ३४ पिढ्यांनंतर क्षीण झाल्याचे १९९४ सालच्या एका संशोधनात दाखवले आहे. गेल्या वर्षभरात आपण त्या टाकीत मासा, गोगलगाय, दगड यांपैकी काहीही घातले नसेल आणि रोगाचे चिन्हही दिसले नसेल, तर जुन्या माशांना औषध न देता केवळ निरीक्षणाखाली ठेवणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

दुसरे म्हणजे टँगसाठी मी टाकी-बदलाची पद्धत निवडेन. कोशातून पिल्ले बाहेर यायला किमान तीन दिवस लागतात, याच गोष्टीचा तीत उपयोग केला जातो: माशाला दर ७२ तासांच्या आत पूर्ण कोरड्या करून घेतलेल्या दुसऱ्या टाकीत, नव्या पाण्यात हलवायचे, असे चार वेळा, म्हणजे १२ दिवसांत इकपासून मासा सुटतो. गळून पडलेले कोश मागच्या टाकीत राहतात आणि ती वाळवली की मरतात. तांबे लागत नाही, आणि पाणी सतत नवे असल्याने अमोनियाही साठत नाही. मीठ मात्र भरपूर लागते, हे आधीच सांगून ठेवतो. हीटर, हवेचा दगड, पाइपचे तुकडे हे सर्व प्रत्येक वेळी वाळवलेले किंवा दुसऱ्या संचातले असावे. जुनी नळी तशीच पुढच्या टाकीत गेली की सगळा खटाटोप वाया.

समुद्राचे पाणी रत्नागिरीहून आणण्याचा विचार कोणी सुचवला तर तो मनावर घेऊ नये. पाऊस सुरू झाल्यावर कोकणातील खाड्यांच्या तोंडाशी गोडे पाणी आणि गाळ मिसळून क्षारता घसरते, आणि बंदरालगतच्या पाण्यात डिझेलचा तवंग असतो. आरओ-डीआयच्या (गाळून क्षारमुक्त केलेल्या) पाण्यात सिंथेटिक मीठ मिसळून विशिष्ट गुरुत्व १.०२५ करावे. नळाचे पाणी पावसाळ्यात गढूळ होते आणि त्यात क्लोरीनही वाढवले जाते, म्हणून आरओची मेम्ब्रेन व कार्बन फिल्टर मेमध्येच बदलून घ्यावेत.

मत्स्यविद्या, मिरज

टाकी-बदलाची पद्धत इकपुरती उत्तम आहे, यात वाद नाही. परंतु अमायलोओडिनियम हा दुसरा परजीवी, म्हणजे मरीन वेल्व्हेट, तिने जात नाही, आणि टँगना मारणारा सर्वांत वेगवान रोग तोच आहे. अंगावर बारीक सोनेरी भुकटी दिसेपर्यंत कल्ले बहुधा निकामी झालेले असतात. त्याआधी मासा प्रकाश टाळतो आणि पॉवरहेडच्या (टाकीत प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपाच्या) प्रवाहात तोंड घालून उभा राहतो. म्हणून टाकी-बदल करायचा असेल तर जरूर करावा, पण त्यानंतर किमान दोन-तीन आठवडे निरीक्षण ठेवावे आणि तांबे व चेकर हाताशी तयार ठेवावेत. मी स्वतः एवढ्या दुर्मीळ माशासाठी थेट तांब्याचाच मार्ग घेईन. जुन्या माशांबाबत आपला तर्क ग्राह्य आहे, फक्त ‘वर्षभर काहीही घातले नाही’ ही अट प्रश्नकर्त्यांनी प्रामाणिकपणे तपासावी; बाजारातून आणलेल्या एखाद्या गोगलगायीच्या शिंपल्यावरूनही कोश येऊ शकतो.

स्थापत्य, कुपवाड

मी मासे पाळत नाही, मुलगा पाळतो. पण माडीचा पर्याय वाचून लिहिल्याशिवाय राहवले नाही. ३६० लिटर खारे पाणी सुमारे ३७० किलो भरते. काच, दगड, सम्प आणि स्टँड धरून साडेपाचशे किलोच्या आसपास वजन होईल, आणि ते जेमतेम ०.६ चौरस मीटर जागेवर येईल. राहत्या घराच्या स्लॅबसाठी आपल्याकडील मानकांत २०० किलो प्रति चौरस मीटर इतका चल भार धरतात. याचा अर्थ फ्लॅटमध्ये टाकी ठेवूच नये असा नाही, कारण भार आजूबाजूच्या स्लॅबवर आणि तुळईवर वाटला जातो. परंतु ती खोलीच्या मध्यभागी न ठेवता भिंतीला लागून, खालून तुळई जाते त्या बाजूला आणि तुळईला आडवी येईल अशी ठेवावी. जुन्या वाड्याची लाकडी तुळयांची, मातीचा थर असलेली माडी मात्र या कामासाठी विसरावी. खारे पाणी सांडून लाकूड कुजण्याचा प्रश्न वेगळाच.

नियमपालक

विषयाला धरूनच एक आठवण. जेम टँग हा साईट्स कराराच्या (धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या) परिशिष्टात नाही, त्यामुळे त्याच्यासाठी नोंदणीचा प्रश्न येत नाही. परंतु ‘परदेशी जाणाऱ्या मित्राकडून मासे घेतले’ असे धागे येथे वारंवार येतात, म्हणून सांगतो: क्लॅरियन एंजलसारख्या परिशिष्ट दोनमधील माशांना वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम लागू होतात, आणि अशा प्राण्याची नोंद व हस्तांतर केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर कळवावे लागते. समुद्रघोडे आणि दगडी प्रवाळ तर आपल्याकडे त्याच कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहेत. त्यांच्या देवाणघेवाणीची चर्चा येथे करू नये.

गावभागकर, सांगली

सर्वांचे मनापासून आभार. माडीचा विषय घरात बंद झाला. ताईंनी सांगितल्याप्रमाणे आठवून पाहिले, तर हिवाळ्यात मी थोड्या गोगलगायी घातल्या होत्या. तेव्हा जुन्या माशांनाही औषध देणेच योग्य दिसते. स्पंज आजच सम्पमध्ये ठेवले.

तीन शंका उरतात. बहिणीकडे या कामासाठी एकच खोली मिळेल. दोन्ही विलगीकरण टाक्या आणि मुख्य टाकी एकाच खोलीत ठेवल्या तर चालेल का? दुसरे, टँग आणताना पिशवी वापरावी की झाकणाची बादली? आणि ७६ दिवस मोजले तर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत, म्हणजे नेमके पुराच्या काळात जातात. विश्रामबागेत पाणी येत नसले तरी वीज जाते, त्याची काय तजवीज करावी?

कराडचा खारवा

प्रवासाविषयी मी लिहितो, कारण कराडहून मुंबई-पुण्याचे मासे आणण्याचे काम माझ्याकडे नेहमी येते. टँगच्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना वस्तऱ्यासारखा काटा असतो. तो जाळीत अडकतो, पिशवी फाडतो आणि माणसाचा हातही कापतो. म्हणून त्याला जाळीने न धरता पारदर्शक डब्यात हाकलून घ्यावे. आपल्या फॉक्सफेसच्या पाठीवरचे काटे विषारी असतात, त्यालाही हाताने धरू नये.

पिशवी आणि बादली यांतला खरा फरक पाण्याच्या रसायनात आहे. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्याचा सामू खाली येतो आणि त्यामुळे साठलेला अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की तो वायू निघून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया काही मिनिटांत विषारी होतो. लांबून आलेल्या पिशवीत थेंबथेंब पाणी सोडत तासभर बसणारे लोक माशाला नेमके या विषात ठेवतात. पिशवीतून मासा आणला तर विलगीकरण टाकीची क्षारता आधीच देणाऱ्याच्या पाण्याइतकी करून ठेवावी, तापमान जुळले की पिशवी उघडावी आणि मासा लगेच टाकीत घ्यावा. पिशवीतले पाणी टाकीत घालू नये. क्षारता जुळवताना चूक करायचीच असेल तर टाकी किंचित कमी खारी असावी, कारण मासे क्षारतेतील घट सोसतात, एकदम झालेली वाढ त्यांना जड जाते.

आपण स्वतःच्या गाडीने जाणार असाल तर माझी पसंती ४० लिटरच्या झाकणाच्या आइस-बॉक्सला आहे. त्यात बॅटरीवर चालणारा हवेचा पंप लावावा, मासा निघण्यापूर्वी एक-दोन दिवस उपाशी ठेवावा, म्हणजे एवढ्या पाण्यात पाच-सहा तासांत अमोनिया धोक्याच्या पातळीला जात नाही. पुण्याहून रात्री उशिरा निघावे. पहाटेच्या गारव्यात सातारा, कराड मागे पडते आणि पेठ नाक्यापासून पुढचा रस्ता रहदारी नसताना पार होतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि खाऱ्या पाण्यात तो मुळातच गोड्या पाण्यापेक्षा कमी असतो, त्यामुळे दुपारचा प्रवास वातानुकूलित गाडीतूनही मी टाळतो. बर्फ लागलाच तर बंद बाटलीत, तोही डब्याच्या बाहेरून.

मत्स्यविद्या, मिरज

एकाच खोलीचा प्रश्न खरोखर अवघड आहे. वेल्व्हेटची पोहणारी अवस्था बुडबुड्यांतून उडणाऱ्या बारीक तुषारांसोबत शेजारच्या टाकीत जाऊ शकते, म्हणून टाक्यांमध्ये किमान दहा फूट अंतर असावे आणि पंख्याचा झोत एकीकडून दुसरीकडे जाऊ नये. तेवढे अंतर नसेल तर जुन्या माशांची टाकी त्याच खोलीत झाकण घालून ठेवावी आणि टँगची टाकी स्वयंपाकघराच्या मागच्या गॅलरीसारख्या वेगळ्या जागी न्यावी, अर्थात ऊन आणि पावसाची झड लागणार नाही अशा बेताने. भगिनींची परवानगी लागेल. पाणी काढायचा मग, जाळी, सायफनची नळी, टॉवेल हे प्रत्येक टाकीचे वेगळे असावेत, आणि कामाचा क्रम रोज मुख्य टाकी, जुने मासे, शेवटी टँग असाच ठेवावा.

विजेबाबत अपेक्षा माफक ठेवाव्यात. पूरस्थितीत महावितरणला सुरक्षिततेसाठी काही भागांचा पुरवठा बंद करावा लागतो आणि तो किती काळ राहील हे आधी कळत नाही. घरगुती इन्व्हर्टरवर हीटर चालवण्याचा हट्ट धरू नये. ऑगस्टमध्ये पाणी चोवीस अंशांपर्यंत हळूहळू उतरले तर मासे ते सोसतात, प्राणवायूचा अभाव मात्र काही तासांतच घातक ठरतो. इन्व्हर्टरवर फक्त हवेचे पंप ठेवावेत, शिवाय बॅटरीचे दोन पंप आणि सेल बाजूला असावेत. वीज गेलेल्या काळात खाद्य जवळजवळ बंद करावे. मुख्य टाकी या काळात थंड झाली तर तेवढे दिवस ७६ मध्ये धरू नयेत, पुढे वाढवावेत. पूर आला की रस्तेही तुटतात आणि नळाचे पाणीही अनियमित होते, म्हणून मीठ, औषधे, चेकरची रसायने आणि दोनशे लिटरच्या ड्रममध्ये आरओचे पाणी जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच भरून ठेवावे.

टाकी उचलण्याच्या दिवशी वाळू तशीच नेऊ नये. जुनी वाळू ढवळली की तळाशी साठलेला हायड्रोजन सल्फाइड आणि घाण वर येते. ती धुऊन घ्यावी किंवा नवी आणावी. दगड टाकीच्याच पाण्यात बुडवून न्यावेत. हे काम टँग येण्याच्या किमान आठ-दहा दिवस आधी उरकावे, म्हणजे नव्या घरात गळती, स्टँडची पातळी, प्लगची जागा अशा गोष्टींकडे लक्ष द्यायला सवड मिळेल.

तांबे संपल्यावर कार्बनने ते काढून टाकावे आणि मासे त्याच टाक्यांत चांगले खाऊ-पिऊ द्यावेत. टँगला रोज नोरी (वाळवलेले समुद्री शेवाळ) द्यावी. ७६ दिवस भरल्यावर आधी कार्डिनल आणि क्लाऊन, काही दिवसांनी फॉक्सफेस, आणि अगदी शेवटी टँग असा क्रम ठेवावा, कारण झेब्रासोमा वंशातले (जेम टँग याच वंशातला) मासे आधी सोडले तर टाकी आपली मानून नंतर येणाऱ्यांना काट्याने फाडतात. शेवटी सोडतानाही त्याला दोन-तीन दिवस छिद्रांच्या पारदर्शक डब्यात मुख्य टाकीतच लटकवून ठेवावे आणि फॉक्सफेस डब्यावर धावून जातो का ते पाहावे. धावत असेल तर डबा आणखी काही दिवस तसाच राहू द्यावा.